हळदीच्या पाच खुणा

मास्तर भित्रे होते. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याविषयी बोलणारे लोक भलतंच काहीतरी सांगतात. कडक होते म्हणतात, विक्षिप्त होते म्हणतात, साठीच्या घरातही एका हातानं चाक उचलायचे म्हणतात. सगळं खरं असेल. पण जालना रोडवरच्या आमच्या काचेच्या शोरूममध्ये सगळ्यात भित्रा माणूस कोण असेल, तर ते वर्कशॉपचे मास्तर. आणि आम्ही बाकीचे सगळे त्यांना भ्यायचो.

मी फुलंब्रीहून रोज बसनं ये-जा करायची. महागड्या गाड्या विकणं हे माझं काम, आणि तोवर मी चारचाकीत बसले होते ती वऱ्हाडाच्या जीपमध्ये, तीही मागच्या बाकावर, मांडीवर कुणाचं तरी पोर घेऊन. पहिल्या दिवशी मालकांनी आम्हा नव्या लोकांना कंपनीची फिल्म दाखवली. युरोपातल्या कुठल्याशा थंड गावात विहिरीचे पंप बनवणारा एक माणूस, त्याची शेड, त्यानं बनवलेली पहिली गाडी. मग शर्यती, राजेरजवाडे, टोपीवाल्या नट्या, बर्फातून जाणाऱ्या काळ्या गाड्यांची रांग. शेवटी बोनेटवरचा बिल्ला पडदाभर मोठा होत गेला आणि माझ्या अंगावर शहारा आला. आपण एवढ्या मोठ्या नावाचे झालो, असं वाटलं. त्या भरातच मी मागच्या वर्कशॉपमध्ये गेले, कारण नवीन माणसानं मास्तरांना भेटून यायचं असा तिथला नियम होता.

मास्तर एका गाडीच्या उघड्या दारापाशी उकिडवे बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पिच्चर बघितला का मॅडमबाई?"

"हो."

"चांगला हाय. आता त्यात कोण कोण मेलं ते सांगतो."

आणि त्यांनी खरंच सांगितलं. गाडीच्या एकेका भागावर हात ठेवत, तासभर. स्टिअरिंगचा दांडा धडकेत मोडेल असाच कामून बनवला? कारण पूर्वी तो मोडायचा नाय, सरळ चालवणाऱ्याच्या छातीत जायचा. काच फुटली की तिचे बारीक खडे कामून होतात? कारण पूर्वी सुऱ्या व्हायच्या. हा पट्टा, ही हवेची उशी, हे दाराच्या आतलं जाड लोखंड, प्रत्येक गोष्टीमागं कुणीतरी गेलेलं. "लोक म्हणत्यात, गाडीत लई सोयी हायत," मास्तर म्हणाले. "सोयी नायत त्या. मेलेल्यांची यादी हाय." मी बाहेर आले तेव्हा माझे हात गार पडले होते. त्या रात्री बसमध्ये ड्रायव्हरच्या मागची जागा रिकामी होती तरी मी उभीच राहिले.

कंपनीचा इतिहास असा दोन प्रकारे शिकवला जायचा, पुढच्या बाजूला एक आणि मागच्या बाजूला दुसरा. मास्तरांच्या इतिहासातला तो पंपवाला म्हणजे सदा घाबरलेला माणूस. त्याची पहिली गाडी एका डॉक्टरनं घेतली. तिसऱ्या दिवशी चाकाची खीळ तुटली, डॉक्टर वाचला, शेजारी बसलेला त्याचा नोकर गेला. पंपवाल्यानं ती तुटकी खीळ घरी आणली आणि जेवायच्या टेबलावर ठेवली. मरेपर्यंत रोज तिच्यासमोर बसून जेवला. गोष्ट सांगताना मास्तरांचा आवाज इतका खाली यायचा की पुढं वाकून ऐकावं लागायचं. मी नंतर कंपनीची सगळी पुस्तकं चाळली, वेबसाइट पालथी घातली. कुठंही ना डॉक्टर, ना नोकर, ना खीळ. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, "पुस्तकात कशाला छापतील? पुस्तक विकायला असतं."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

"एवढं नाव झालंय म्हणल्यावर असा एखादा भ्यालेला माणूस पाठीमागं असल्याबिगर झालं व्हय?"

म्हणजे गोष्टीतला तो नोकर त्यांनी चक्क स्वतःच्या मनानं मारला होता! मला हसू आलं, पण मी हसले नाही. त्यांच्यासमोर हसायची सोय नव्हती.

गाडीचं नाव ते कधी तोंडानं घ्यायचे नाहीत. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसंच. 'आपली गाडी' म्हणायचे. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतः दुचाकीसुद्धा घेतली नाही. मुकुंदवाडीहून सायकलवर यायचे आणि जालना रोड आला की खाली उतरून, सायकल हातात धरून, दोन्हीकडं तीनतीनदा बघून ओलांडायचे. पाऊण मिनिटाच्या कामाला त्यांना दहा मिनिटं लागायची. मागून येणारे रिक्षावाले "चलो चाचा, चलो" म्हणून ओरडायचे. मास्तर जागचे हलायचे नाहीत.

जेवतानाही भिंतीकडं पाठ. लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली जायचं तर आधी स्वतःचा लाकडी ठोकळा लावायचे, लिफ्ट कितीही नवी असो. आता ते देवगाव रंगारीला, आपल्या गावी असतात. मी कधीमधी फोन करते. 'हॅलो'च्या आधी पहिला प्रश्न येतो, "रस्त्यात तर नायस ना?" नाही म्हटलं तरी खात्री होत नाही. मागून हॉर्नचा आवाज ऐकू आला तर फोन ठेवून देतात.

एकदा सिडकोतला एक मोठा बिल्डर गाडी बघायला आला. मी त्याला सगळं पाठ केलेलं सांगत होते. त्यानं विचारलं, "शंभरला किती सेकंदात जाते?" मी आकडा सांगणार तेवढ्यात मागून आवाज आला. "जाते लवकर, साहेब. थांबायला किती लागतं ते इचारा." बिल्डरनं गंमत म्हणून विचारलं. मास्तरांनी ओल्या रस्त्यावरचं, कोरड्या रस्त्यावरचं, झिजलेल्या टायरवरचं अंतर शोरूमच्या फरशीवर पावलं टाकून मोजून दाखवलं. मोजत मोजत ते काचेच्या दाराबाहेर गेले, पार्किंग ओलांडलं आणि पार रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. तिथून हात वर करून ओरडले, "एवढं! हितपर्यंत जो कुणी मधी यील तो गेला!" बिल्डरच्या बायकोनं नवऱ्याचा हात धरला आणि दोघं निघून गेले. त्या दिवसापासून मालकांनी मास्तरांना शोरूममध्ये पाय ठेवायला मनाई केली. मग ते फाटकापाशी उभे राहायला लागले. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीची चारही चाकं बघूनच फाटक उघडायला सांगायचे.

चाकांचं त्यांचं वेडच होतं. प्रत्येक चाकाला पाच बोल्ट. ते नुसते आवळून चालत नाहीत, किती आवळायचे याचं माप ठरलेलं असतं आणि ते मोजायला टॉर्क रेंच म्हणून मोठा पाना असतो. माप भरलं की तो 'टक' असा वाजतो. मास्तर वीसच्या वीस टक स्वतःच्या कानानं ऐकायचे आणि मग प्रत्येक बोल्टवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायचे. रंगाचं ते पेन त्यांच्या वरच्या खिशात असायचं. ते त्यांनी कधीही कुणाच्या हातात दिलं नाही. एखादं चाक कुठल्याही कारणानं परत काढलं, तर मास्तरांना बोलवायचं, ते परत टक ऐकणार, परत रेघ ओढणार, मगच गाडी हलणार. असा त्यांचा कायदा.

त्यांच्या या भीतीमागं काहीतरी असणार असं सगळ्यांनाच वाटायचं. कुणी म्हणायचं तरुणपणी त्यांच्या हातून एक जीप गेली, नवरानवरीसकट. कुणी म्हणायचं सख्खा भाऊ गेला. मी एकदा धीर करून विचारलंच.

"काही झालं नाय," मास्तर म्हणाले. "व्हायलाच पाहिजे का?"

"पण मग एवढं..."

"आधी कुणीतरी मेल्यावर भ्यायचं, तर त्या भिण्याचा उपयोग काय?"

मला ते तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा कंटाळा आला होता. गिऱ्हाईक ताटकळत असायचं आणि मास्तर बोल्टाला कान लावून बसायचे. आमची आपसात त्यावर भरपूर टिंगल चालायची, आणि त्यात मी पुढं असायची.

मग तो दसरा आला.

आमच्या शहराला भारी गाड्यांचं वेड आहे, आणि दसऱ्याला ते अंगात येतं. त्या दिवशी शोरूमच्या दारात झेंडूच्या माळा, बँडवाले, नारळांची पोती. माझ्या वाट्याला करमाडच्या पुढचं एक कुटुंब होतं. शेंद्र्याकडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात त्यांची जमीन गेली होती. जमीन होती त्या घरातल्या आईच्या नावावर, म्हणून गाडीही त्यांच्याच नावावर. मी त्यांना मावशी म्हणायची. साठीच्या मावशी, हिरवं लुगडं, कडेवर वर्षाचा नातू. मुलगा, सून, आणखी दोन पोरं. मुलगा सारखा घड्याळाकडं बघत होता, कारण गुरुजींनी अकरा बावीसची वेळ काढून दिली होती. त्या वेळेला गाडीचं चाक शोरूमच्या बाहेर पडलं पाहिजे.

गाडी सकाळीच मास्तरांच्या हाताखालून गेलेली. वीस रेघा ओढून झालेल्या. अकराच्या सुमारास मावशींनी पदराची गाठ सोडून काळा दोरा काढला. गावच्या देवीचा, दृष्ट लागू नये म्हणून.

"ह्यो गाडीला बांधायचा," त्या म्हणाल्या.

मुलाचा चेहरा पडला. "माय, लोकं हसतीन. एवढी गाडी घ्यायची आन् पुढं दोरा लोंबतोय!"

"मग मी बसत नाय गाडीत."

दोघं माझ्याकडं बघायला लागले. मला लगेच सुचलं. माझ्या हुशारीचा मला फार अभिमान होता तेव्हा. मी म्हणाले, "मागच्या चाकाच्या आत बांधू की. दोरा गाडीला राहील आणि कुणाला दिसणारही नाही." मावशी खूश, मुलगा खूश. मेकॅनिकला बोलावलं. त्यानं मागचं डावं चाक काढलं, आतल्या दांड्याला दोरा बांधला, चाक परत बसवलं, बोल्ट हातानं फिरवून बसवले. तेवढ्यात बँडवाल्यांच्या वाटेत आलेली दुसरी गाडी हलवायला त्याला हाका सुरू झाल्या. जाता जाता तो म्हणाला, "मॅडम, रेंच लावायची राहिलीय. आणतो आलोच. मास्तरांना बोलवून ठेवा."

अकरा अठरा झाले होते. मास्तर फाटकापाशी. त्यांना बोलवायचं म्हणजे चाक कुणी काढलं, कामून काढलं, दोरा कशाचा, पंपवाल्याची खीळ, सगळं रामायण. मुहूर्त हुकला तर या लोकांनी गाडीच घेतली नसती. आणि चाक तर बसलेलं दिसत होतं की समोर, अगदी नव्या कोऱ्या चाकासारखं! फक्त बोल्टांवरच्या पिवळ्या रेघा पुसून इकडंतिकडं झाल्या होत्या. तेवढं फाटकापाशी मास्तरांच्या नजरेतून सुटलं नसतं.

पूजेचं ताट शेजारी होतं. मी ओली हळद बोटावर घेतली आणि पाच बोल्टांवर पाच रेघा ओढल्या.

अकरा बावीसला लिंबं चिरडत गाडी निघाली. मास्तरांनी वाकून चाकं बघितली. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. मग हात हलवला आणि फाटक उघडलं. मावशींनी खिडकीतून मला नमस्कार केला. मीही टाळ्या वाजवल्या.

पाच-सात मिनिटांनी मेकॅनिक खांद्यावर रेंच घेऊन आला. "गाडी कुठंय?"

"गेली."

"गेली कशी? मागचं डावं राहिलंय माझं!"

मास्तर तिथंच होते. "राहिलं कसं? रेघा बघितल्या मी."

बँड थांबलेला नव्हता, तरी मला सगळं एकदम शांत झाल्यासारखं वाटलं. मी कसंबसं म्हणाले, "हळद होती ती."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं ते मारतील. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांचा चेहरा राखेसारखा पांढरा पडला आणि ओठ हलायला लागले. एवढी वर्षं ज्याला भीत होते ते समोर आलं होतं, आणि ते मी आणलं होतं.

"फोन लाव," ते म्हणाले. "आन् चल."

वर्कशॉपच्या जुन्या व्हॅनमध्ये जॅक, पाने आणि रेंच टाकून आम्ही निघालो. मी मुलाला फोन लावत राहिले. रिंग जायची, कुणी उचलायचं नाही. मागाहून कळलं, तो त्याच फोनवर गाडीतून सगळ्यांचं चित्रण करत होता आणि गाणी मोठ्यानं लावली होती. मावशींकडं फोन नव्हता. सुनेचा नंबर मी कधी घेतलाच नव्हता.

आणि मास्तर व्हॅन चालवत होते ताशी पन्नासनं.

"मास्तर, पाया पडते, जरा जोरात घ्या!"

"नाय."

"अहो त्यांचं चाक निघेल! बाळ आहे त्यात!"

"पोरी," ते म्हणाले. पहिल्यांदाच मॅडमबाई म्हणाले नाहीत. "घाईत आपुनच कुठं आदळलो, तर त्यांना कोण सांगायचं? फोन लाव."

मी रडत होते आणि फोन लावत होते. चिकलठाणा गेलं, विमानतळाची भिंत गेली. ट्रक, मोटारसायकली, झेंडू भरलेले टेम्पो आम्हाला मागं टाकून जात होते. मास्तरांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटांची पेरं पांढरी झालेली, आणि तोंडानं काहीतरी चाललेलं. आधी मला वाटलं देवाचं नाव घेतायत. नीट ऐकलं तर ते मोजत होते. "मावशी एक. पोरगा दोन. सून तीन. लेकरं तीन. सहा." परत पहिल्यापासून. "मावशी एक..."

शेंद्र्याच्या अलीकडं रस्त्याच्या डाव्या बाजूला माणसांचा घोळका दिसला. पन्नास-साठ माणसं, वाकून खाली बघणारी. एक बाई मोठमोठ्यानं ओरडत होती. मास्तरांनी व्हॅन बाजूला घेतली, पण दार उघडायला दोघांचाही हात पुढं होईना. आम्ही नुसते बसून राहिलो. मग घोळका जरा बाजूला झाला. मधोमध झेंडूचा ढीग होता, आणि ती बाई भाव ओरडत होती.

"उतरू नको," मास्तर म्हणाले. त्यांना किल्ली फिरवायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

करमाड ओलांडून गावाच्या फाट्याला वळलो आणि हलगीचा आवाज आला. समोर गाडी. उभी. नाही, चालत होती, पण माणसाच्या पावलानं. गाव सामोरं आलं होतं, पोरं पुढं नाचत होती. मागचं डावं चाक जरा तिरकं फिरत होतं, दारू प्यालेल्या माणसासारखं, आणि हलगीच्या आवाजातही खडखड ऐकू येत होती. मास्तर व्हॅनमधून उतरून पळाले. त्यांना पळताना मी कधी बघितलं नव्हतं. ते गाडीपुढं दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"बंद कर! जागच्या जागी बंद कर!"

मुलगा उतरला. "काय झालं? खडा गेलाय वाटतं चाकात, फाट्यापासून वाजतंय."

मास्तरांनी आधी सगळ्यांना खाली उतरवलं, एकेकाला हाताला धरून. उतरवताना मोजलं. सहा. मग चाकापाशी बसले. पाचातले दोन बोल्ट नव्हतेच. तिसऱ्याला त्यांनी बोट लावलं तर तो नुसत्या बोटानं फिरला.

सगळं गाव वाकून बघत होतं. कुणीतरी आतला काळा दोरा बघितला आणि ओरडलं, "दोरा! दोऱ्यानं वाचवलं!" हलगी परत वाजायला लागली. मावशींचे डोळे भरून आले, त्यांनी चाकाला हात जोडले. "बगा, मी म्हणत व्हते का नाय? आईनं राखलं." लोक पाया पडायला लागले.

इकडं माझ्या फोनवर शोरूमचे मालक. मी फोन मास्तरांच्या कानाला लावला. मालकांचा आवाज मलाही ऐकू येत होता. "काही बोलू नका. पहिल्या प्रवासानंतर तपासणी करायची कंपनीची पद्धत आहे असं सांगा, आवळा आणि या. शंभर टक्के आवळलेलं होतं म्हणा."

"भोकं झिजली असतीन, साहेब. गाडी उचलून न्यावी लागंल."

"उचलून? दसऱ्याच्या दिवशी? मास्तर, सगळं गाव फोटो काढेल! नावाचा तरी विचार करा!"

"त्योच करतोय," मास्तर म्हणाले आणि फोन माझ्या हातात परत दिला. मग माझ्याकडं बघत राहिले. मावशी तर मला आशीर्वाद द्यायला पुढं येत होत्या, दोरा बांधायची युक्ती माझी होती म्हणून.

मी गप्प बसू शकले असते. कुणाचं काही बिघडलं नसतं, उलट सगळं गाव खूश होतं. मला खूप भीती वाटत होती. तरी मी बोलले. "मावशी, दोऱ्यानं नाही हो. दोरा बांधायला मीच चाक काढायला लावलं. ते पुरतं आवळलं नव्हतं, हे मला माहीत होतं. वेळ टळू नये म्हणून मी त्यावर हळदीच्या खोट्या खुणा केल्या."

हलगी थांबली. मुलगा माझ्या अंगावर धावून आला, "एवढं मोठं नाव सांगता तुमी कंपनीचं..." त्याला मास्तरांनी मधे पडून थांबवलं. "नाव कंपनीचं असतंय, भाऊ. हात आमचे. हात चुकले."

मावशी एक पाऊल मागं सरकल्या आणि माझ्या बाजूच्या कडेवर असलेला नातू त्यांनी उचलून दुसऱ्या कडेवर घेतला. शिव्या मी नंतर पुष्कळ खाल्ल्या. त्यातली एकही आता आठवत नाही.

गाडी झेंडूच्या माळांसकट टोइंगच्या ट्रकवर चढली. फोटो अर्थातच निघाले, संध्याकाळपर्यंत शहरभर फिरले. मालकांनी मला काढून टाकायचं ठरवलं होतं. मास्तर मनाई मोडून केबिनमध्ये गेले. दार अर्धवट उघडं होतं. "काढली तर दुसरी ठेवाल," ते म्हणत होते. "त्या नवीला भ्यायला शिकवायचं तर पुन्हा गाडी सोडायची का अशी?" मालकांनी मला ठेवलं. दोन महिने माझ्याशी बोलले मात्र नाहीत.

पंधरा दिवसांनी गाडी दुरुस्त झाली. झिजलेलं सगळं बदललं होतं. ज्या दिवशी ते लोक न्यायला येणार होते त्या सकाळी मास्तरांनी मला वर्कशॉपमध्ये बोलावलं आणि माझ्या हातात रेंच दिली. ती मला उचलेना. त्यांनी कसं धरायचं, कुठं जोर द्यायचा ते दाखवलं आणि बाजूला स्टुलावर बसले. वीस बोल्ट. प्रत्येक टक ऐकू आला की ते मान हलवायचे. संपल्यावर खिशातलं पेन काढून माझ्यापुढं धरलं. मी रेघा ओढल्या. एकही रेघ सरळ आली नाही. मग मी वाट बघत उभी राहिले, की आता ते उठतील, वाकतील, बोल्टांना कान लावतील.

ते उठले आणि हात धुवायला निघून गेले. तपासलं नाही. एकाही चाकाकडं बघितलं नाही. एवढी भीती मला करमाडच्या रस्त्यावरसुद्धा वाटली नव्हती.

मावशी आल्या. या वेळी बँड नव्हता, ताट नव्हतं. मुलगा घुश्शात लांब उभा. मावशींनी गाडीभोवती एक फेरी मारली, नातवाला सांभाळत, आणि मास्तरांना विचारलं, "चाकं कुणी बसवली?"

"हिनं."

"आन् तुमी बघितली?"

"नाय," मास्तर म्हणाले.

मावशी माझ्याकडं वळल्या. सरळ डोळ्यांत बघितलं. एका हातानं त्यांनी गाडीचं दार धरलं होतं, दुसऱ्या हातात पोर. त्यांनी मलाच विचारलं.

"बसू का, पोरी?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. वीसही टक मी माझ्या कानांनी ऐकले होते. पोरानं झोपेत त्यांच्या खांद्यावर तोंड घासलं.

"थांबा मावशी," मी म्हणाले. "अजून एकदा बघते." आणि रेंच घेऊन पहिल्या चाकापाशी जाऊन बसले.